डाव्या हाताची वीण

सोलापुरात स्वेटर लागतो तो असा किती दिवस? दिवाळी सरली की पहाटेला जरा गारठा सुटतो, आणि संक्रांतीचा तिळगूळ वाटून होतो न होतो तोच ऊन पुन्हा पाठीवर चढून बसतं. तरीही नव्या पेठेतल्या शिवलिंगप्पांच्या दुकानात दसऱ्याच्या सुमारास लोकरीच्या लड्या टांगल्या जायच्या आणि त्या बघूनच बायकांना थंडी वाजायला लागायची. ज्यांना विणता येई त्या लोकर घेऊन जात. ज्यांना येत नसे त्यांना शिवलिंगप्पा साखर पेठेतला पत्ता सांगत. बोळात शिरा, मागांचा खडखडाट मागं पडला की उजव्या हाताची शेवटची खोली, मायाक्का म्हणून विचारा.

मायाक्का सांगोल्याकडची, धनगराची. तिचा बाप सिदू मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने रानोमाळ फिरायचा. तिचं सगळं लहानपण उघड्यावर गेलेलं, त्यामुळं भीती म्हणून काय ते तिला ठाऊक नव्हतं. बोळातल्या बायका चिंचेखालच्या आसरांच्या गोष्टी सांगायला लागल्या की ती हसून म्हणायची, आपण लांडगा बघितलाय, भूत काय बघितलं न्हाय. नवरा गिरणीत होता, तो छातीच्या दुखण्यानं लवकर गेला. पोटी मूल नाही. मग एका दवाखान्यात आया म्हणून काम करताना तिथल्या नर्सबाईकडून ती दोन सुयांवरचं विणकाम शिकली, आणि त्यातच तिचं बस्तान बसलं. पन्नाशीला आली तोवर तिला असं झालं होतं की कुठलाही विणलेला तुकडा हातात घेतला की तो विणणारी बाई कशी असेल हे तिला कळायचं. घाईची बाई टाके सैल सोडते. मनात काही धरून बसलेली बाई दोरा आवळते. प्रत्येकीचा हात वेगळा असतो, आणि माणसाचं अक्षर ओळखावं तसा तो ओळखता येतो.

पंचाहत्तर सालचा दसरा नुकताच झाला होता. दुधनीहून मल्लिकार्जुन म्हणून एक गृहस्थ आले. तिथल्या एका अडत दुकानात ते दिवाणजी होते, शिवलिंगप्पांचे लांबचे नातलग. धोतर, काळी टोपी, कपाळावर विभूती. बरोबर बारा-तेरा वर्षांची मुलगी होती, महानंदा. ती आत आली नाही. ओट्यावरच गुडघ्यांना मिठी मारून बसली आणि शेजारच्या खोलीत मागाचा धोटा इकडून तिकडं पळताना दिसत होता तो बघत राहिली.

मल्लिकार्जुनांनी उशीचा एक अभ्रा मायाक्कापुढं ठेवला. त्यातून स्वेटरचे सुटे भाग निघाले. हुरड्याच्या कोवळ्या दाण्याचा असतो तसा रंग. पाठ पुरी झालेली, पुढचा भाग पुरा झालेला, एक बाही पुरी. दुसरी बाही मनगटापासून वीतभर वर चढून सुईवरच थांबली होती. उरलेल्या लोकरीचा गुंडा तिच्याशी तसाच जोडलेला.

बायको करत होती, असं त्यांनी सांगितलं. सुगलाबाई तिचं नाव. श्रावणात कावीळ झाली आणि गेली. दुधनी स्टेशनच्या मास्तरांच्या बायकोकडून तिनं हे शिकून घेतलं होतं. दुपारी घरातली माणसं आडवी झाली की ती विणत बसायची. आता ही एक बाही पुरी करून, सगळे भाग जोडून द्यायचे. मुलगी दिवाळीनंतर बेळगावला मामाकडं राहायला जाणार. तिकडं थंडी फार, पाऊसही फार.

मग कुणी न विचारता त्यांनीच पुढचं सांगितलं. घरात म्हातारी आई, ती ऐकत नाही. मार्गशीर्षात दुसरं लग्न ठरलंय. पोरीला नजरेआड करतोय असं समजू नका, असं म्हणताना त्यांची नजर ओट्याकडं गेली आणि लगेच परत फिरली.

मायाक्कानं पाठीचा तुकडा उचलून सान्यातून येणाऱ्या उजेडात धरला. माळवदाच्या मातीच्या छताला वर एक चौकोनी सानं होतं, खोलीत उजेड यायचा तो तेवढाच. त्या तुकड्यावर पानांची जाळी होती. एकावर एक चढत गेलेली पानं, आणि पानांच्या कडेनं बारीक छिद्रं. समोरच्या भिंतीवर तिची सावली पडली, कडुनिंबाखाली पडते तशी. इतकी सारखी वीण तिनं क्वचितच बघितली होती. पण तिच्या डोळ्यांना त्यात काहीतरी खटकत होतं. जरा वेळानं तिच्या ध्यानात आलं. जाळी करताना दोन टाके एकात घेतले की ओळ एका अंगाला कलते, आणि ज्या त्या बाईची पानं उजवीकडं झुकतात. ही सगळी डावीकडं झुकलेली होती.

तिनं विचारलं, "मालकीणबाई डावखुऱ्या होत्या का?"

मल्लिकार्जुन गोंधळले. मग म्हणाले, लग्न होऊन आली तेव्हा होती. डाव्या हातानं वाढलेलं आईला चालायचं नाही, म्हणून तिनं ती सवय मोडली. स्वयंपाक, रांगोळी, पूजा, सगळं उजव्यानं करायला लागली. विणताना कुठल्या हातानं करायची ते त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

कुणी बघतच नसेल, मायाक्काच्या मनात आलं. तेवढं एक काम तिनं आपल्या हातानं केलं.

तिनं काम घेतलं. ते निघाले तेव्हा महानंदा पहिल्यांदाच उंबऱ्याशी आली. आत पसरलेले तुकडे तिनं बघितले आणि मायाक्काला म्हणाली, "बाही करा. पण जोडू नका. अव्वा जोडणार हाय."

मल्लिकार्जुनांनी मान खाली घातली. मायाक्का उठली, तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. अव्वा म्हणजे आई; तीच म्हणत असेल तसं आजारपणात, आणि पोरीनं ते धरून ठेवलं असेल. असं होतं. दवाखान्यात तिनं ते कितीदा बघितलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी तिनं बाही हातात घेतली. तिला वाटलं होतं, जाळी कळली की हात आपोआप चालेल. जाळी कळली, पण तिचं पान उजवीकडं झुकलं. खालची पानं एकीकडं आणि वरची दुसरीकडं, मध्ये जणू वारा फिरलाय. तिनं ते उसवलं. उलट्या बाजूनं करून बघितलं, दोन टाके मागून घेऊन बघितलं. झुकाव जमला, पण टाक्याचा पीळ फिरला आणि पान जून, निबर दिसायला लागलं. तेही उसवलं. शेवटी तिनं सुया हातात अदलाबदल केल्या आणि डाव्या हातानं करून बघितलं. तिचा डावा हात लहान पोरासारखा अडखळत होता. वैतागून तिनं सगळं पुन्हा होतं तिथवर उसवलं, बाही बाजेवर ठेवली आणि खाली चटईवर पडली. उन्हाची तिरीप सान्यातून जमिनीवर उतरली होती. शेजारचा माग चालू होता. त्या आवाजात तिला झोप लागली.

उठली तेव्हा तिरीप भिंतीवर चढली होती. बाही बाजेवरच होती. पण तिच्यावर एक अख्खं पान वाढलं होतं. ते डावीकडं झुकलेलं होतं, आणि खालच्या पानांत आणि त्याच्यात कुठं सांधा दिसत नव्हता.

मायाक्कानं त्या पानावरून बोट फिरवलं. मग उठून शेजारी गेली. शेजारी नरसम्मा राहायची. तिचा नवरा मागावर बसायचा आणि ती दारात बसून रहाटावर सुताच्या कांड्या भरायची. दुपारी आपल्या खोलीत कुणी आलं होतं का, असं मायाक्कानं विचारलं.

नरसम्मा तेलंगी वळणाच्या मराठीत म्हणाली, "कोण येणार? तूच बसलेली की विणत. बाजेवर, पाठ करून. मी हाक मारली, तू वळली नाही. रागात असेल म्हणलं."

"मी खाली झोपले होते."

नरसम्मानं हातातला रहाट थांबवला. "मग बाजेवर कोण होतं?"

मायाक्का हसली. उन्हानं डोळे दिपले असतील, असं काहीतरी म्हणून परत आली. खोलीत येऊन तिनं विचार केला. माणूस झोपेत उठून कामं करतं हे तिनं ऐकलं होतं. दवाखान्यात एक बाई झोपेत भाकरी थापायची. सकाळी डाव्या हातानं विणायचा नाद घेतला होता, तो झोपेत पुरा झाला असेल. तसं असेल तर बोटावर खूण राहील. दोरा ज्या बोटावरून फिरतो तिथं वळ उठतो. तिनं उजेडात दोन्ही हात धरले. उजव्या तर्जनीवर वर्षानुवर्षांचा घट्टा होता, तो होताच. डाव्या तर्जनीवर ताजा, लाल, बारीक वळ उठला होता.

तिला हायसं वाटलं. म्हणजे आपणच केलं. पण मग तिला आठवलं, दोरा डाव्या बोटावरून सकाळीही फिरला होता. त्याचा वळ दुपार टळेपर्यंत राहतो का, हे काही तिला सांगता आलं नसतं.

पुढचे दिवस असेच गेले. ती समोर बसून बघत राहिली की बाही जिथल्या तिथं राही. ती निजली, किंवा नळावर पाणी भरायला गेली, की परत येईपर्यंत ओळी वाढलेल्या असत. मायाक्कानं शेवटी बाहीकडं बघणंच सोडलं. आपली इतर कामं करी, दुपारी पाठ फिरवून आडवी होई. कधी अर्धवट झोपेत सुयांचा आवाज येई, एकमेकींना हळू टेकल्यासारखा. दिवसभर तोच आवाज कानांत असल्यावर झोपेतही ऐकू यायचाच, असं ती स्वतःला सांगे. भीती अशी वाटत नव्हती. दमून आल्यावर घरात आधीच कुणीतरी चूल पेटवून ठेवलेली असावी, तसं काहीसं वाटे. आणि मग असं वाटतंय याचं तिला नवल वाटे.

दिवाळीच्या आत बाही पुरी झाली. काखेच्या मुंढ्याला हवी तेवढी उतरलेली, वरचे टाके नीट बंद केलेले. गुंड्यात जोडण्यापुरती लोकर उरली होती.

*

जोडकाम मायाक्काचं आवडतं होतं. बाकीच्या बायका वीण चांगली करतात आणि शिवण घाईत उरकतात, तिथंच स्वेटर बिघडतो. तिनं भाग ओल्या फडक्याखाली दाबून सारखे केले. खांदे जोडले, बाह्या मुंढ्यांत बसवल्या, मग मनगटापासून काखेपर्यंत आणि काखेपासून खाली कडेपर्यंत दोन्ही बाजू शिवत नेल्या. टाक्याला टाका लागला होता. संध्याकाळी तिनं तो बाजेवर पसरला तेव्हा तिला एकदम त्या मुलीचं अंग दिसलं. अरुंद खांदे, जरा पुढं आलेली मान.

सकाळी उजवी बाजू उघडी होती.

धागा तुटला नव्हता, कापलाही नव्हता. कुणीतरी टाका टाका करून उसवला होता आणि उसवलेल्या लोकरीचा सुपारीएवढा गुंडा करून शेजारी ठेवला होता. मायाक्कानं ती बाजू पुन्हा शिवली. दुपारी नव्या पेठेत जाऊन आली, तेव्हा दोन्ही बाजू उघड्या होत्या. तिनं पुन्हा शिवल्या. दुसऱ्या दिवशी बाह्याही सुटल्या होत्या, आणि सगळे भाग एकावर एक घडी करून ठेवले होते, अभ्र्यातून आले होते त्याच क्रमानं.

त्या दिवशी ती पहिल्यांदा दचकली. त्या घडीकडं बघताना तिला ‘जोडू नका’ हे म्हणणं स्पष्ट ऐकू आल्यासारखं झालं. पोरीचे शब्द तिला आठवले. तरी तिनं ते मनाच्या एका बाजूला सारले. मल्लिकार्जुन परवा येणार होते. पोर बेळगावला जायची होती, आणि तिच्या अंगावर काहीतरी ऊबदार असायला हवं होतं. एवढीच गोष्ट खरी होती, आणि ती करायला आपण काम घेतलं होतं. तिनं सगळा स्वेटर नव्यानं जोडला, बाजेवर पसरला आणि समोर पाटावर बसली. आज झोपायचं नाही, कुठं जायचं नाही. जे होईल ते डोळ्यांनी बघायचं.

दुपार झाली. वीज गेली, तसे दूरच्या कारखान्यांतले यंत्रमागही थांबले. शेजारचा हातमाग जेवणासाठी थांबला होता. साखर पेठेत इतकी शांतता मायाक्कानं कधी ऐकली नव्हती. बोळात एक शेळी होती, तीही ओरडत नव्हती.

उन्हाची तिरीप बाजेच्या पायाला लागली. मग गातावर, बाजेच्या कडेच्या दांड्यावर चढली. मग स्वेटरच्या कडेवर आली.

आवाज आधी आला. लोकरीतून लोकर ओढली जाताना होतो तेवढाच.

उजव्या काखेतली गाठ सैल झाली. धाग्याचं टोक वर आलं. ते हवेत जरा थांबलं, जसं कुणी ते दोन बोटांत धरून उजेडात बघावं. मग पहिला टाका निघाला.

मग दुसरा.

उठून पळावं असं मायाक्काला वाटलं, पण ती बसून राहिली. टाके घाईनं निघत नव्हते. एकेक, जपून, वीण ताणू नये अशा बेतानं. चिडलेलं माणूस असं उसवत नाही. दुसऱ्याच्या हातचं काम पसंत नसलं, की जिला काम कळतं ती बाई असं उसवते. मायाक्कानं स्वतः असं कितीदा उसवलं होतं.

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग ती बोलली.

"सुगलाबाई."

धागा थांबला.

"पोर जाणार हाय बाई. तुमी उसवलं तरी जाणार, मी शिवलं तरी जाणार. हितं तिचं कोण न्हाय आता. तितं लई थंडी. उघडी जायला नको."

धाग्याचं टोक तसंच हवेत होतं. तिरिपीत लोकरीचे बारीक तंतू चमकत होते. हलत नव्हते.

मायाक्का उठली. भिंतीला धरून कोनाड्यापाशी गेली. मोठ्या नेढ्याची जाड सुई घेतली, उरलेली लोकर तिच्यात ओवली. बाजेजवळ जायला तिला फार धीर लागला. तिनं स्वतःच्या हातानं राहिलेली सगळी शिवण उसवून टाकली, खांद्यांपर्यंत. भाग नीट मांडले. सुई ठेवताना तिनं ती अशी ठेवली की डाव्या हाताला सहज उचलता यावी.

"मी शेजारी बसते," ती म्हणाली. "सावकाश करा."

बाहेर येऊन तिनं दार ओढून घेतलं. नरसम्मानं तिच्याकडं बघितलं आणि तांब्या पुढं केला. दोघी दारात बसून राहिल्या. नरसम्मा कांड्या भरत होती. बंद दाराआडून काहीच ऐकू येत नव्हतं. वीज आली, माग सुरू झाले, गिरणीचा भोंगा झाला, पाळी सुटलेली माणसं बोळातून सायकली ढकलत गेली. तेव्हा कुठं मायाक्का उठली.

स्वेटर पुरा झाला होता. तिनं तो उलटा करून शिवण बघितली. तिला शोधूनही कुठं जोड दिसेना. सुई बाजेवर होती, तिच्यात लोकर उरली नव्हती. स्वेटर हातात घेतला तर तो कोमट होता. ऊन केव्हाच बाजेवरून गेलं होतं.

*

मल्लिकार्जुन ठरल्याप्रमाणं आले. महानंदा या वेळी आत आली. तिनं स्वेटर परकर-पोलक्यावरूनच घातला. डावा हात उजव्या काखेत घालून तिनं शिवण चाचपली, आणि मग ती मायाक्काकडं बघून हसली. त्या मुलीला हसताना मायाक्का पहिल्यांदाच बघत होती. मल्लिकार्जुन म्हणाले की काम उत्तम झालं, तिच्या आईनं केलं असतं तसंच झालं. पैसे घ्यायला मायाक्काचा हात पुढं होईना. अर्ध्या कामाचेच घेते, म्हणाली.

ती मंडळी गेल्यावर मायाक्काला खोली मोठी वाटायला लागली. दुपारी पडलं की कान उगाच जागे राहत. पुढं त्याचीही सवय झाली. बेळगावची खबर कधीमधी शिवलिंगप्पांकडून कळे. पोर शाळेत जाते, मामी जरा तोंडाची फटकळ आहे, पण सांभाळते. दुधनीला मल्लिकार्जुनांना मुलगा झाला.

दोन हिवाळे गेले. त्यानंतरच्या पौषात, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या दिवसांत, मायाक्का नव्या पेठेत लोकर आणायला गेली होती. यात्रेमुळं रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानाच्या पायरीवर एक उंच मुलगी उभी होती. मामाबरोबर यात्रेला आली होती. मायाक्कानं आधी रंग ओळखला आणि मग मुलगी.

महानंदा वाकून पाया पडली. उभी राहिली तेव्हा मायाक्काला मान वर करून बघावं लागलं. पोर चांगली हातभर वाढली होती. आवाज बदलला होता, खांदे भरले होते. मायाक्कानं शाळेची, मामीची चौकशी केली. मुलगी बरं बोलत होती. थंडी वाजत नाही, म्हणाली. बेळगावला धो धो पाऊस असतो, पण थंडी म्हणून कधी वाजली नाही.

बोलता बोलता मायाक्काची नजर स्वेटरवर गेली आणि तिथंच राहिली. तो तिला अगदी बेताचा बसत होता. खांदे खांद्यांवर, कड कमरेखाली. बारा वर्षांच्या पोरीसाठी विणलेला स्वेटर पंधरा वर्षांच्या अंगावर असा बसत नाही. लोकर सैल पडते, पण एवढी पडत नाही.

"कुणी वाढवून दिला गं?" तिनं विचारलं.

"कुणी न्हाय की, मावशी," महानंदा म्हणाली. "घरात कुणालाच येत न्हाय."

शिवलिंगप्पा आत गिऱ्हाइकाला लड्या दाखवत होते. हा रंग त्या साली आला तेवढाच, पुन्हा मिळाला नाही, हे त्यांनीच मायाक्काला मागं सांगितलं होतं. तिनं मुलीची उजवी बाही हातात घेतली. पानं मोजून बघायची गरज नव्हती. ती मनगटापर्यंत आली होती, मनगटाची पट्टी नवी होती. मग तिनं डावी बाही बघितली.

त्या बाहीला पट्टी नव्हती. डावीकडं झुकलेली पानं मनगटाशी येऊन थांबली होती, आणि शेवटची ओळ बंद केलेली नव्हती. टाके उघडे होते, सगळे एका ओळीत, तोंडं वासून. उघडा टाका जरा ओढ बसली की सुटतो आणि खालची वीण घेऊन धावतो. ही मुलगी ती बाही घालून गड्ड्याच्या गर्दीतून आली होती, आणि एकही टाका सुटला नव्हता.

मायाक्कानं सवयीनं कड सावरायला बोट पुढं केलं. टाक्यांच्या आतून, सुई असावी तिथं, बोटाला काहीतरी लागलं. बारीक, सरळ, थंडगार. डोळ्यांना तिथं काहीच दिसत नव्हतं.

महानंदानं हात हळूच मागं घेतला. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, लपवाछपवी नव्हती. झोपलेल्या माणसाच्या अंगावरून कुणाचा हात बाजूला करावा तसं तिनं मायाक्काचं बोट बाजूला केलं.

"राहू दे, मावशी," ती म्हणाली. "ओळ अर्धी हाय."

रस्त्यावरून गर्दी वाहत होती. मायाक्का त्या बाहीकडं बघत उभी राहिली. भर उन्हात, तिच्या डोळ्यांदेखत, कडेचा एक टाका हळूच पुढं सरकला, आणि त्याच्या जागी दुसरा आला.